काट्यावरचा प्रवास

मराठीचा प्राध्यापक आणि मोटारगाडी यांचे सख्य तसे बेताचेच. ज्याची उभी हयात समास सोडवण्यात आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसण्यात गेली, त्याने इंजिनाच्या भानगडीत पडू नये, हे मला स्वतःला पूर्णपणे मान्य आहे. पण ते इंजिनालाही मान्य असावे लागते! २०२३ च्या मे महिन्यात पुण्याहून कोयनेच्या वाटेने आम्ही पोफळीला गेलो, तेव्हा आमच्या इंजिनाने मला त्या भानगडीत चांगले मानगूट धरून ओढले.

प्रवासाचे निमित्त माझे वडील. नानांचे वय तेव्हा ८१. सह्याद्रीच्या पोटात, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात, त्यांनी १९६४ पासून २००० पर्यंत नोकरी केली. दर तासाला जनित्रांच्या बेअरिंगांचे तापमान पाहायचे आणि ते एका लांबरुंद वहीत लिहायचे, हे त्यांच्या कामांपैकी एक काम. एवढ्या अवजड यंत्राचा दांडा ज्यांवर फिरतो ती बेअरिंगे तापतात, आणि ती गार राहावीत म्हणून नळ्यांतून सारखे पाणी खेळवावे लागते, हे मला मुळाक्षरांच्या आधी ठाऊक झाले होते. छत्तीस वर्षे नानांनी काट्यांकडे पाहण्यात काढली. त्या घरघराटात त्यांचे कान गेले. डोळे आणि हात तेवढे राहिले.

२०२१ साली आई गेली. तेव्हापासून नाना आणखीच अबोल झाले. मात्र दर दोन-तीन महिन्यांनी, तांब्याभर पाणी मागावे इतक्या साधेपणाने, ते एक वाक्य म्हणत, “एकदा पोफळी दाखवून आण.” मीही तितक्याच साधेपणाने “सुट्टीत जाऊ, नाना” असे म्हणत असे. प्राध्यापकाला सुट्ट्या फार, असा एक लोकप्रवाद आहे. त्या सुट्ट्यांत तो काय करतो हे त्याच्या घरच्या मंडळींनाही सांगता येत नाही, आणि त्यालाही!

अखेर मे महिन्यातला दुसरा शनिवार मुक्रर झाला. आणि एप्रिलच्या अखेरीस आमच्या अकरा वर्षांच्या गाडीने सोसायटीच्या फरशीवर हिरव्या पाण्याचे थारोळे सांडून ठेवले.

हा हिरवा द्रव म्हणजे कूलंट. इंजिनाची उष्णता शोषून घेत ते इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये फिरत राहते. गळती म्हणजे काम मोठे. लांबचा प्रवास, बरोबर म्हातारे माणूस. तेव्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या भरवशावर न राहता मी गाडी थेट कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे नेली. त्या जागेला गॅरेज म्हणणे म्हणजे राजवाड्याला वाडा म्हणण्यासारखे आहे. काचेच्या भिंती, थंडगार बैठकीची खोली, कॉफीचे यंत्र, आणि इस्त्रीच्या सदऱ्यातला एक तरुण सल्लागार. आम्ही ज्याला मिस्त्री म्हणत होतो तो तेल माखलेला इसम येथे काचेपलीकडे असतो; गिऱ्हाइकाची आणि त्याची गाठ पडत नाही. तीन दिवसांनी गाडी मिळाली. नवा रेडिएटर, नवा पाण्याचा पंप, नवा थर्मोस्टॅट, नव्या रबरी नळ्या, मजुरी, त्यावर वस्तू व सेवा कर, असे सगळे मिळून ४१,८७० रुपये. बिलाची चार पाने होती आणि ती इतकी देखणी होती की पैसे देताना आपण काहीतरी विकत घेत आहोत असे वाटावे.

नानांनी ते बिल भिंगातून वाचले. सबंध वाचले. मग म्हणाले, “रेडिएटर बदलला म्हणजे पंखा काढला असणार. परत बसवल्यावर चालवून पाहिला का?”

“नाना, तिथं सगळं कॉम्प्युटरवर तपासतात,” मी म्हणालो. कान गेलेल्या माणसाशी बोलताना आपण मोठ्याने बोलतो आणि मोठ्याने बोललेले वाक्य आपोआप उर्मट होते. नानांनी बिलाची घडी घातली आणि ते माझ्या हाती दिले.

शनिवारी पहाटे निघालो. नाना माझ्या शेजारी, मागे सौ. आणि आमची सोळा वर्षांची कन्या. नानांच्या सदऱ्याच्या खिशात पेन आणि एक छोटी वही. ती वही त्यांच्या खिशात नेहमीच असते, त्यामुळे तिच्याकडे माझे लक्ष गेले नाही. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग लागली होती. तेथे कन्येने तक्रार केली, “बाबा, एसी गार येत नाहीये.” रांग हलली, गाडीने वेग घेतला आणि गारवा परत आला. त्याचा अर्थ लावण्याची माझी पात्रता नव्हती. मी उकाड्याला दोष देऊन मोकळा झालो.

शिरवळला पोहे-चहा झाला आणि आम्ही खंबाटकीच्या घाटाला लागलो. सुट्टीतला शनिवार, महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रीघ आणि पुढे मालट्रक मुंगीच्या पावलांनी चढत असलेले. पहिला-दुसरा गियर, दुसरा-पहिला गियर. तिसऱ्या वळणावर नानांनी समोरच्या तबकडीवर बोट टेकले. तापमानाचा काटा नेहमी मधोमध असतो. तो आता मध्य सोडून वर सरकला होता. पुढच्या वळणावर तो तांबड्या रेघेला जाऊन भिडला, तांबडा दिवा लागला आणि बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेषा निघाली.

‘तापणे’ हे क्रियापद मी वर्गात कितीदा तरी शिकवले आहे. दूध तापते, तवा तापतो, ऊन तापते, सासरे तापतात. एका क्रियापदात भाषेने केवढा संसार कोंबला आहे वगैरे. पण भर मे महिन्यात, घाटाच्या चढावर, मागे हॉर्न वाजवणाऱ्या पन्नास गाड्या घेऊन आपली गाडी तापते, तेव्हा अर्थच्छटांचे काही सुचत नाही.

कशीबशी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि बॉनेट उघडले. आत सारे नवेकोरे, चकचकीत. मी खिशातला रुमाल काढला, घडी केली आणि रेडिएटरच्या टोपीला हात घातला. त्याच क्षणी नानांनी माझे मनगट पकडले. ८१ वर्षांच्या माणसाच्या पंजात इतके बळ असेल अशी माझी कल्पना नव्हती. मनगटावर बोटांचे वळ सोमवारपर्यंत होते.

“अर्धा तास,” नाना म्हणाले. “हात लावायचा नाही.”

टोपीच्या आत पाणी दाबाखाली असते. दाबामुळे ते शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. टोपी सैल केली की दाब जातो, आणि मग ते पाणी एका दमात उकळून वाफेसकट उघडणाऱ्याच्या तोंडावर उसळते. लहानपणी कुंभार्ली घाटात एस्टीच्या ड्रायव्हरला गोणपाट गुंडाळून, तोंड फिरवून, हात लांब करून टोपी काढताना मी स्वतः पाहिले होते. कंडक्टर पत्र्याचा डबा घेऊन उभा असे आणि आम्ही पोरे “गाडी पाणी पिते, गाडी पाणी पिते” म्हणून नाचत असू. सगळे डोळ्यांनी पाहिलेले. आणि तरी रुमाल काढला! आपल्या शिक्षणात असे कितीतरी असते.

नाना वाकून आत पाहत होते. पुढच्या जाळीमागे काळा पंखा होता. त्याच्या चौकटीवर त्यांनी पालथा हात क्षणभर धरला. “इतकं तापल्यावर हा फिरायला हवा होता,” ते म्हणाले. “थरथर लागत नाही हाताला.”

मी सल्लागाराला फोन लावला. तो फार सौजन्याने बोलला. सगळे भाग नवे आहेत, तपासणीत काही दोष निघालेला नाही, घाटात असे थोडेफार होते. पंख्याचे मी विचारले. “सर, फॅन ऑटोमॅटिक असतो. गरज असेल तेव्हाच फिरतो.” वाक्य अगदी बिनचूक होते. सोमवारी गाडी आणा म्हणाला. नाहीतर ओढून नेणारी गाडी पाठवतो, तिचे पैसे वेगळे.

“तो गरज असेल तेव्हाच फिरतो, नाना,” मी ओरडून सांगितले.

नानांनी मान हलवली आणि ते दरडीच्या सावलीला जाऊन बसले. आता लिहिताना ते बसणे मला दिसते. तेव्हा मी फक्त घड्याळ पाहत होतो.

पाऊण तासाने इंजिन निवल्यावर बाजूच्या टाकीत पिण्याच्या बाटलीतले पाणी भरले आणि निघालो. घाट उतरलो, सुरूर आले, भुईंज आले. गाडी ऐंशीच्या वेगाने पळू लागली आणि काटा शहाण्या मुलासारखा मधोमध येऊन बसला. साताऱ्याच्या पुढे अजिंक्यताऱ्याकडे पाहत मी विजयी स्वरात म्हणालो, “पाहिलंत? घाटापुरतंच होतं.” सौ. म्हणाल्या, “अहो, देवाचं नाव घ्या.” नाना काही बोलले नाहीत. सपाटीवर वेगात जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर समोरचा वाराच पंख्याचे काम करतो, ही गोष्ट त्या मोटारीत एकाच माणसाला ठाऊक होती.

उंब्रजला हमरस्ता सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो. एका अंगाने डोंगर जवळ येऊ लागतात, उसाचे हिरवे तुकडे दिसतात, आणि रस्ता अरुंद होतो तसा वेग उतरतो. मल्हारपेठेत लग्नाची वरात होती. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, आणि वरातीमागे आमची गाडी. पाचच मिनिटांत काटा पुन्हा चढू लागला.

आणि नानांनी दुसऱ्यांदा तोंड उघडले. “हीटर लाव. पूर्ण.”

“नाना, मे महिना आहे!”

“लाव. काचा उघड.”

गाडीतला हीटर हिवाळ्यासाठी असतो आणि पुणेकर तो सहसा लावत नाही, म्हणून त्याचे अंतरंग आपल्याला माहीत नसते. इंजिनातलेच गरम पाणी तो एका छोट्या जाळीतून खेळवतो आणि त्या जाळीवरून वारा आत सोडतो. म्हणजे तो एक धाकटा रेडिएटरच. थोरला थकला की धाकट्याने संसाराला हात लावायचा. मी बटन फिरवले. पुढचा अर्धा तास कसा गेला ते लिहावे का, असा प्रश्न आहे. बाहेर अकरा-बाराचे ऊन आणि आत पायांवर, छातीवर, तोंडावर भट्टीचा झोत. कन्येने ओढणी भिजवून डोक्यावर घेतली. सौ.नी मांडीवरचा लाडवांचा डबा पायाशी ठेवला, मग पायाशी झोत अधिक म्हणून पुन्हा मांडीवर घेतला. वरातीतली एक म्हातारी खिडकीशी येऊन आम्हा चौघांकडे दयेने पाहून गेली. पण काटा थांबला. तांबड्या रेघेच्या अलीकडे, एका दोऱ्याच्या अंतरावर, तो थांबून राहिला आणि वरात फाट्यावरून वळल्यावर हळूहळू उतरू लागला.

तशाच अवस्थेत आम्ही पाटण गाठले. गावात शिरताना एका पत्र्याच्या शेडसमोर दोन दुचाकी आणि एक ट्रॅक्टर उभा दिसला. मी विचार न करता गाडी तेथे घातली.

मिस्त्री असेल तिशीचा. त्याने आधी आम्हाला पाहिले, मग गाडीला. “बसा की सावलीला. पोरीला पाणी द्या आदी.” आतून माठातले पाणी आले. त्याने बॉनेट उघडून ठेवले आणि तो ट्रॅक्टरकडे परत गेला. वीस मिनिटे त्याने आमच्या गाडीकडे ढुंकून पाहिले नाही. मी अस्वस्थ होतो. नाना मात्र प्रथमच निश्चिंत दिसत होते. थांबणे हाही कामाचा भाग आहे, हे त्या दोघांना ठाऊक होते.

गाडी निवल्यावर तो हात पुसत आला. त्याने काही विचारायच्या आधीच नानांनी पंख्याकडे बोट दाखवले.

“फिरत न्हाई व्हय, आजोबा?” त्याने मला इंजिन चालू करून एसी लावायला सांगितला. एसी लावला की पंखा फिरलाच पाहिजे, गाडी तापलेली असो वा नसो. कुठेतरी टक् असा आवाज झाला. पंखा ढिम्म. त्याने इंजिन बंद करायला लावले आणि पंख्याच्या वायरीवर बोट ठेवून तो आंधळ्यासारखा चाचपत मागे मागे गेला. चौकटीच्या आडोशाला बोट थांबले.

“ह्ये बघा.”

वायरीच्या टोकाचा प्लग आपल्या जागेतून बाहेर निघून लोंबत होता. लोंबत होता तोही कसा, तर वायर इकडेतिकडे होऊ नये म्हणून तिला एक नवीकोरी प्लास्टिकची पट्टी नीटनेटकी बांधलेली होती. काम देखणे होते. फक्त प्लगचा खटका बसलेला नव्हता. नुसता टेकवलेला प्लग काचेच्या महालात चालला असेल. खड्ड्यांच्या हिसक्यांनी हळूहळू मागे सरला.

त्याने तो अंगठ्याने दाबला. टक्. नाना ते ऐकू शकले नाहीत, पण त्यांनी पाहिले. पुन्हा इंजिन, पुन्हा एसी, आणि पंखा घुऽऽ करून सुटला. नानांनी चौकटीवर पालथा हात ठेवला, आणि दोन वर्षांत न पाहिलेले हसू मी त्यांच्या तोंडावर पाहिले.

“आजोबा, तुमी कुटं व्हता कामाला?”

“पोफळीला. पॉवर हाऊसला.”

“म्हंजी आपलंच की!” आणि मग ट्रॅक्टर, आमची गाडी, सगळे बाजूला ठेवून तो नानांच्या कानाशी वाकून बोलू लागला. त्याचा आजा धरणाच्या बांधकामावर मजूर होता म्हणे. निघताना त्याने टोपी काढून रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी घातले, पुण्याला गेल्यावर कूलंट नीट मापाने भरून घ्या म्हणून बजावले, आणि पैसे विचारताच म्हणाला, “पन्नास द्या.” मी पाचशेची नोट पुढे केली आणि राहू द्या म्हणालो. त्याने शेजारच्या दुकानातून मोड आणून साडेचारशे रुपये माझ्या हातावर मोजले.

पाटणच्या पुढे कोयनेचे खोरे आवळत जाते. कोयना ही नदी मोठी विचित्र वाटेने जाते. महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या रांगेला समांतर अशी सरळ दक्षिणेला वाहत येते. समुद्र जवळ, पण मध्ये डोंगराची भिंत. हेळवाकपाशी ती एकदम पूर्वेला वळते, कराडला कृष्णेला मिळते आणि मग सबंध दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. माणसांनी हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिला अडवले आणि डोंगरातून बोगदे खणून तिचे पुष्कळ पाणी पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला पाडले. ४०० मीटरांहून अधिक उंचीवरून ते पोफळीच्या यंत्रांवर कोसळते, तेथून कोळकेवाडीच्या धरणात जाते, तेथे आणखी एकदा वीज देते आणि वाशिष्ठीला मिळून अरबी समुद्राला जाते. एकाच नदीचे पाणी दोन्ही समुद्रांना! लहानपणी हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी नानांच्या तोंडून ऐकले होते. ते जेवताना ताटावर भाताची रांग करून दाखवीत आणि आमटी दोन्ही बाजूंना सोडीत. आई रागवत असे.

कोयनानगरला थांबलो. मे महिना, शिवसागराचे पाणी खाली गेलेले आणि काठाची तांबडी माती उघडी पडलेली. या जलाशयाची साठवण १०५ टीएमसी, हा आकडा महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रवाचकाला दर पावसाळ्यात पाठ होतो. ज्यांची गावे या पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न आम्ही गेलो तेव्हाही पुरते मिटलेले नव्हते. ही दुसरी बाजू विजेच्या दिव्याखाली बसून आपण सहसा वाचत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप येथलाच. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. नाना तेव्हा पंचविशीचे होते. त्या रात्रीची हकीगत ते कधी सांगत नसत. त्या दिवशी, पाण्याकडे पाहताना, नातीने विचारले तेव्हा म्हणाले, “दिवे गेले. अंधारात मी आधी चपला शोधत बसलो. चपला कशाला हव्या होत्या कोण जाणे.” एवढेच. पण एवढेही मी आजवर ऐकले नव्हते.

कुंभार्ली घाट उतरला की हवा बदलते. घामाचा वाससुद्धा बदलतो. करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या बायका, फणसांची झाडे, आणि मग पोफळी. वीजगृहाच्या फाटकाशी गाडी उभी केली. आत जायला परवानगी लागते. ती काही आम्ही काढली नव्हती आणि ऐन वेळी मिळण्यासारखीही नव्हती. पहारेकऱ्याने नानांना स्वतःची खुर्ची दिली. नाना तिच्यावर बसून बोगद्याच्या दिशेने पाहत राहिले. आत आठ यंत्रे. मध्येच त्यांनी पहारेकऱ्याला विचारले, “बेअरिंगचं पाणी वेळेवर बघतात ना हल्ली?” पहारेकरी बापडा काय सांगणार! म्हणाला, “बघतात, आजोबा. तासातासाला बघतात.” नानांना ते ऐकू आले की नाही, सांगता येत नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली खरी.

रात्री चिपळूणला मामेभावाकडे मुक्काम. त्याच्या ओटीच्या भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ अजून होती, माझ्या खांद्यापेक्षा वर. रंग देताना ती मुद्दाम ठेवली म्हणाला. जेवणे झाल्यावर नानांचा सदरा खुंटीला लावताना खिशातली वही खाली पडली. उचलली तो पान उघडलेच होते.

८.४० खंबाटकी. काटा वर. पंखा बंद.
१०.१० सातारा. काटा मध्ये. वारा आहे.
११.२० मल्हारपेठ. काटा वर. हीटर.
१२.१० पाटण. पंखा चालू.

८.४० ला मी अजून सल्लागाराला फोनही लावला नव्हता.

नाना अंथरुणावर जागे होते. मी वही त्यांच्यापुढे धरली आणि कानाशी जाऊन विचारले, “माहीत होतं तर ठासून का नाही सांगितलंत?”

“दोनदा सांगितलं,” नाना म्हणाले. “घरी एकदा आणि घाटात एकदा. ड्यूटीवर कोणाला तीनदा सांगावं लागत नसे.”

मी “चुकलं माझं” म्हणालो. पुन्हा म्हणालो, कारण पहिल्यांदा आवाज बसला होता. त्यांनी माझ्या मनगटावरचे वळ पाहिले, त्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बिल जपून ठेव. टाकू नकोस.”

बिलाचे पुढे काय झाले ते येथेच सांगून टाकतो. पुण्यात परतल्यावर मी ते घेऊन काचेच्या महालात गेलो. सल्लागाराने खेद प्रकट केला, प्लग हिसक्यांनी सुटू शकतो असे सांगितले, कूलंट फुकट भरून दिले आणि गाडीही फुकट धुऊन दिली. मी ज्याला भेटू इच्छीत होतो तो, पट्टी इतकी सुबक बांधणारा माणूस, काचेपलीकडेच राहिला. त्याला कदाचित कोणी कळवलेही नसेल.

सोमवारी परत निघालो. खरी परीक्षा आता होती. येताना कुंभार्ली उतरणीचा होता. आता तोच चढायचा. वळणांवर नानांचा हात कापू लागला, तेव्हा त्यांनी वही आणि पेन मागे नातीकडे दिले. ती मागच्या सीटवरून मान काढून तबकडी पाहत होती आणि लिहीत होती. अर्ध्या घाटात एक मालट्रक बंद पडलेला होता. रांग थांबली. चढ, ऊन, इंजिन चालू, वारा नाही. एसी मी मुद्दामच बंद ठेवला होता. काटा मध्य सोडून किंचित वर सरकला. गाडीत कोणी बोलेना. सौ.नी लाडवांचा डबा उगीचच घट्ट धरला. माझे बोट हीटरच्या बटनावर जाऊन बसले.

नानांनी पुढे वाकून समोरच्या फळीवर तळहात टेकला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग दुसऱ्या हाताचे एक बोट वर केले.

त्यानंतर मला तो आवाज ऐकू आला. घुऽऽ.

काटा थबकला आणि खाली येऊ लागला.

“आजोबा, काय लिहू?” कन्येने त्यांच्या कानाशी येऊन विचारले.

“लिही. १०.४०. कुंभार्ली. पंखा चालू.”

रांग सुटली. घाटमाथ्यावर वारा लागला आणि मी एसी लावायचे विसरून काच खाली केली. हेळवाकच्या अलीकडे अकरा वाजले, तेव्हा कन्येने आपणहून मान काढून काटा पाहिला आणि वहीत लिहिला. नाना झोपले होते.